आकाशातील वाटा आणि वाटाडे

रायपूर शहरातील शंकर नगरच्या माथ्यावर रात्री दोन तऱ्हांची विमाने दिसतात. एक तऱ्हा उतरणाऱ्यांची. आग्नेयेकडे माना येथे जो विमानतळ आहे, त्याच्या रोखाने ती झुकत जातात. त्यांचे दिवे मोठे होत होत घरांच्या रांगेआड नाहीसे होतात. दुसरी तऱ्हा वाटसरूंची. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून ती पश्चिमेकडून पूर्वेकडे वा पूर्वेकडून पश्चिमेकडे संथपणे निघून जातात. रायपूरशी त्यांना काही कर्तव्य नसते. यांतील बरीच विमाने मुंबई आणि कोलकाता यांच्यामधली असतात, आणि त्यात नवल नाही. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा काढली, तर ती रायपुराला जवळजवळ स्पर्श करून जाते. नागपूर मात्र त्या रेषेच्या चाळीसएक किलोमीटर उत्तरेला राहते.

ही चाळीस किलोमीटरांची गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण विमानांना वाट दाखविण्याचा जो इतिहास आहे, तो पुष्कळसा या चाळीस किलोमीटरांचाच इतिहास आहे. कित्येक वर्षे विमानाला जेथे जावयाचे असे तेथे सरळ जाता येत नसे; जमिनीवर जेथे दिशादर्शक केंद्र असेल तेथून तेथून जावे लागे. भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडला येणारा कारभारी असो की पुढे मध्य प्रांताच्या राजवटीतला मामलेदार असो, त्याची वाट नागपुरावरूनच येत असे. आकाशातल्या वाटेनेही तोच शिरस्ता पाळला. ती शहरांना बांधलेली नव्हती. शहरांत उभारलेल्या खांबांना बांधलेली होती.

प्रारंभी तर खांबही नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एक लहानसे पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरविले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीवरून मद्रासकडे नेले. त्या विमानात बिनतारी यंत्र नव्हते. होकायंत्र, घड्याळ, मांडीवरचा नकाशा आणि खाली दिसणारे लोहमार्ग व नद्या एवढ्यावर वैमानिकाचे सारे गणित चाले. दोन खुणांमधले अंतर, वाऱ्याचा जोर आणि गेलेली मिनिटे यांचा मेळ घालून तो आपले ठिकाण ठरवी. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. आकाश रिकामे होते, म्हणून ही रीत चालली. चुकलेल्या वैमानिकापुढे डोंगराचा आणि इंधनाचा धोका असे. दुसऱ्या विमानाचा बहुधा नसे.

आकाश एका ठिकाणी भरू लागले की काय होते, याचा पहिला मोठा धडा या देशाला नागपुरात मिळाला. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार ठिकाणांहून संध्याकाळनंतर एकेक विमान निघे. चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई. आणि उजाडण्यापूर्वी प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत पोहोचे. दिल्लीत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी मद्रासला मिळावे, यासाठी ही सारी धडपड. देशाच्या नकाशात नागपूर मध्यभागी आहे या भूगोलाच्या पुस्तकातील वाक्याला त्या योजनेने प्रथमच व्यावहारिक अर्थ दिला. हे काम डकोटा विमाने करीत.

योजनेची खुबी आणि तिचा धोका एकाच गोष्टीत होता. चार दिशांनी येणारी चार विमाने ठराविक वेळी एकाच बिंदूकडे येत. त्या बिंदूवर एक साधे बिनतारी केंद्र असे. त्याच्या लहरी चोहीकडे सारख्याच पसरत आणि विमानातील यंत्राचा काटा त्या केंद्राच्या रोखाने वळे. काटा अचानक उलटा फिरला की केंद्र मागे पडले असे समजावयाचे. म्हणजे वैमानिकाला आपले ठिकाण निश्चितपणे कळे ते एकाच जागी, केंद्राच्या अगदी माथ्यावर. आणि प्रत्येक विमान त्याच माथ्यावर येऊ पाही. मनोऱ्यात बसलेल्या नियंत्रकापाशी तेव्हा एक उपाय होता. त्याने प्रत्येकाला वेगवेगळी उंची नेमून द्यावी, एकावर एक हजार फूट अंतर ठेवून त्यांना केंद्राभोवती लांबट फेऱ्या मारावयास लावावे, आणि तळचे उतरले की वरच्यांना एकेक पायरी खाली घ्यावे. चार विमानांसाठी हे पुरेसे होते. शंभरांसाठी ते पुरेसे नव्हते. दिशादर्शक केंद्र वाट दाखवीत असे आणि त्याच वेळी गर्दीही जमवीत असे, हे त्या पद्धतीचे मूळ वैगुण्य होय. पुढील सुधारणांची दिशा या वैगुण्याने ठरविली.

महायुद्धानंतर त्याहून चांगले केंद्र प्रचारात आले. वैमानिक त्याला आद्याक्षरांवरून व्हीओआर म्हणतात. हे केंद्र दोन संकेत सोडते. त्यांतील एक चोहीकडे एकसारखा, तर दुसरा दिशेगणिक बदलणारा. दोहोंमधील फरक मोजला की विमान केंद्राच्या कोणत्या अंशावर आहे ते कळते. त्याला अंतर मोजणारे यंत्र जोडले तर विमानातून एक स्पंद जातो, केंद्र त्याला उत्तर देते, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून मैल निघतात. दिशा आणि अंतर दोन्ही हाती आल्यावर ठिकाण निश्चित होते. पण येथेही अंशाची चूक अंतराबरोबर वाढत जाते. साठ सागरी मैलांवर एका अंशाची चूक म्हणजे एका मैलाची चूक. आणि आकाशातली वाट आखताना एका अंशाची नव्हे, कित्येक अंशांची चूक गृहीत धरावी लागे. म्हणून केंद्रापासून दूर जाताना वाटा रुंद होत जात. रुंद वाटा शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत. पुन्हा गर्दी केंद्रापाशीच.

दिशा कळूनही अंतर चुकले तर काय होते, याची साक्ष महाराष्ट्राच्या एका डोंगराने दिली आहे. १९६२ च्या जुलै महिन्यात इटलीच्या अलिटालिया कंपनीचे एक डीसी-८ जातीचे जेट विमान सिडनीहून रोमला निघाले होते. बँकॉक सोडल्यावर त्याचा पुढचा मुक्काम मुंबई होता. ७ जुलैच्या मध्यरात्री ते पूर्वेकडून मुंबईच्या धावपट्टीवर सरळ उतरण्याच्या इराद्याने उंची कमी करू लागले. मुंबई आता जवळ आली असे वैमानिकाने मानले होते. वस्तुतः ती ऐंशीएक किलोमीटर दूर होती, आणि मध्ये सह्याद्री होता. जुन्नरजवळच्या डोंगरमाथ्यावर विमान आदळले. त्यातील चौऱ्याण्णव माणसांपैकी एकही वाचला नाही. आपण मुक्कामाच्या आहोत त्याहून जवळ आहोत, हा वैमानिकाचा समज आणि त्यामुळे अकाली केलेले अवतरण, असे कारण चौकशीत निघाले.

या डोंगररांगेत, जुन्नरपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी देशावरचे व्यापारी तांडे कोकणातील बंदरांकडे त्याच खिंडीतून उतरत, आणि सातवाहनांची राणी नागनिका हिचा कोरीव लेख तेथल्या लेण्यात आजही आहे. घाट कोठे संपतो आणि उतार कोठे सुरू करावा, हे तांड्याच्या वाटाड्याला पायाखालच्या दगडांवरून समजे. जेटच्या वैमानिकाला ते काट्यांवरून, घड्याळावरून आणि नियंत्रकाशी होणाऱ्या त्रोटक बोलण्यावरून समजावयाचे होते. त्या रात्री ते समजले नाही. मुंबईच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. कळसूबाईचे शिखर सोळाशे मीटरांहून उंच आहे. या भागात उतरणीचा नकाशा आखणाऱ्याला प्रत्येक टप्प्यासाठी ‘याखाली येऊ नये’ अशी उंची लिहून ठेवावी लागते. तो आकडा पाळावयाचा तर आपण कोणत्या टप्प्यात आहो हे आधी ठाऊक हवे. सगळे मर्म तेथेच आहे.

मुंबईची दुसरी अडचण जरा विनोदी होती, पण ती विनोदी ठरली ते केवळ दैव बलवत्तर म्हणून. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांपासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहेत आणि त्यांच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या आहेत. समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाला प्रथम जुहूच दिसते. १९५३ च्या जुलैत ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. काही दिवसांनी हलके करून ते तेथून उडविण्यात आले. एवढे होऊनही २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तोच प्रमाद केला. या वेळी विमान धावपट्टीपलीकडे घसरत गेले आणि कायमचे निकामी झाले. कोणाचा प्राण गेला नाही. डोळ्यांवर भरवसा ठेवून उतरण्याची रीत मोठ्या शहराच्या आकाशात किती अपुरी आहे, ते या दोन प्रसंगांनी दाखविले. दोन्ही वेळी वैमानिक नवशिके नव्हते.

या काळात नियंत्रकाच्या हाती रडार आले होते. रडारमुळे त्याला विमाने पडद्यावर ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागली. मग तो वैमानिकाला केंद्रावर जाण्यास न सांगता स्वतःच वळवू लागला: अमुक अंशावर वळा, एवढ्या फुटांवर या, वेग इतका ठेवा. दोन विमानांमध्ये तीन किंवा पाच सागरी मैलांचे अंतर राखीत तो त्यांना एका माळेत ओवी. हे काम कौशल्याचे आहे आणि त्यात एक प्रकारचा अभिमानही आहे. जुने नियंत्रक त्याविषयी बोलताना गवयाने आपल्या तालमीविषयी बोलावे तसे बोलतात. परंतु त्याची किंमत मोठी होती. प्रत्येक वळणासाठी एक आज्ञा, प्रत्येक आज्ञेचा वैमानिकाने केलेला पुनरुच्चार, आणि तो ऐकून नियंत्रकाने केलेली खातरजमा. एका उतरणीला अशी आठ-दहा बोलणी. बोलण्याची लहर एकच, आणि तीवर वीस विमाने. शिवाय वैमानिकाला पुढचे वळण कोणते ते माहीत नसे. ते फक्त नियंत्रकाच्या डोक्यात असे. संदेश चुकला, ऐकू आला नाही किंवा भलत्याच विमानाने आपला समजून घेतला, तर सावरण्याला फार थोडी मिनिटे उरत.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात जे घडले, त्याला एवढे एकच कारण नव्हते. पण आकाशाची मांडणीही त्यात दोषी होती. दिल्लीच्या परिसरातील बरेचसे आकाश वायुदलाच्या ताब्यात असल्यामुळे मुलकी विमानांच्या येण्याला आणि जाण्याला एकच पट्टा उरला होता. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ चौदा हजार फुटांवर थोपविण्यात आले होते; समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या इल्यूशिन विमानाला पंधरा हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती. इल्यूशिन त्याखाली आले. ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. आकाशात झालेल्या विमानांच्या टकरींत एवढी मनुष्यहानी दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी झालेली नाही. दिल्लीच्या नियंत्रकापुढचा रडारचा पडदा त्या वेळी विमानाची जागा दाखवी, उंची दाखवीत नसे. उंचीसाठी वैमानिकाच्या शब्दावर विसंबणे भाग होते. त्यानंतर न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीचा अहवाल आला. येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या, आणि टकरीची पूर्वसूचना देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. वाटा वेगळ्या असाव्यात ही साधी गोष्ट मान्य होण्यास एवढे मोल द्यावे लागले, हे खेदाने नमूद करावे लागते.

वाटा वेगळ्या कराव्यात, पण कशा? केंद्रे थोडी आणि विमाने अनेक. येथे त्या पद्धतीचा प्रवेश होतो, जिला एरिया नॅव्हिगेशन म्हणतात; मराठीत क्षेत्रीय दिक्चालन म्हणावयास हरकत नाही. तिचे मूळ सूत्र एका वाक्यात सांगता येते: केंद्रावरून जाण्याऐवजी, केंद्राच्या साहाय्याने कोणत्याही बिंदूवरून जावे. विमानातील गणकयंत्र दोन-तीन केंद्रांपासूनची अंतरे सतत मोजते, त्यांवरून आपले अक्षांश-रेखांश काढते, आणि नकाशावर नुसते लिहून ठेवलेल्या बिंदूकडे विमान नेते. त्या बिंदूवर जमिनीवर काही असण्याची गरज नाही. तो शेतात असो, खाडीत असो, कोणाच्या आमराईच्या माथ्यावर असो. अशा बिंदूंना पाच अक्षरांची उच्चारता येतील अशी नावे देतात. अर्थ असलाच पाहिजे असे नाही.

अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात या कल्पनेचे प्रयोग सुरू झाले. त्यानंतर बोइंग ७४७ सारख्या विमानांत जडत्वावर चालणारी यंत्रे आली. ती बाहेरचा कोणताही संकेत न घेता केवळ विमानाच्या हालचाली मोजून ठिकाण सांगत. मात्र त्यांची चूक तासागणिक साचत जाई. आणि त्यांना चालू करण्यात माणसाने कुचराई केली तर? १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक जम्बो जेट आपल्या वाटेपासून शेकडो किलोमीटर भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडण्यात आले. २६९ बळी गेले. या घटनेनंतर अमेरिकेने आपल्या उपग्रहांची दिक्चालन-व्यवस्था मुलकी विमानांनाही खुली राहील असे जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली, आणि मे २००० मध्ये मुलकी संकेतात मुद्दाम मिसळलेली अचूकतेची खोट काढून टाकण्यात आली. जीपीएस या नावाने ती आता टॅक्सीवाल्यालाही परिचित आहे.

पुष्कळ साधने झाली की पुष्कळ नियम होतात. प्रत्येक देश आपली रीत लिहू लागला. २००७ साली आंतरराष्ट्रीय मुलकी विमानवाहतूक संघटनेच्या सभेने सर्व राष्ट्रांना एका तत्त्वावर येण्याचे आवाहन केले, आणि पुढच्याच वर्षी त्याचा मार्गदर्शक ग्रंथ आला. तत्त्व असे की, विमानात कोणते यंत्र आहे हे विचारू नये. ते वाटेपासून किती ढळते एवढेच विचारावे. ‘आरनॅव एक’ अशी खूण असलेल्या वाटेवर विमानाने उड्डाणाच्या पंचाण्णव टक्के वेळात मध्यरेषेपासून एका सागरी मैलाच्या आत राहिले पाहिजे. याहून काटेकोर वर्ग आरएनपी नावाचा. त्यात विमानाच्या यंत्राने आपली अचूकता स्वतःच तपासत राहावयाचे आणि ती ढासळली तर वैमानिकाला तत्काळ इशारा द्यावयाचा. भारतात दिल्ली, मुंबई आणि अहमदाबाद या विमानतळांना अशा येण्याजाण्याच्या वाटा आधी मिळाल्या. मग इतरांची पाळी आली.

नियंत्रकाच्या कामात यामुळे जो फरक पडला, तो बाहेरच्याला चटकन लक्षात येत नाही. पूर्वी तो वाट शब्दांनी आखीत असे. आता वाट आधीच आखलेली असते, वैमानिकाच्या यंत्रात भरलेली असते, आणि नियंत्रकाने एक नाव उच्चारले की दोघांपुढे एकच चित्र उभे राहते. अमुक बिंदूवर इतकी उंची, तमुक बिंदूवर इतका वेग, सारे त्या नावात आले. वळणही ठरलेले. काही बिंदू असे असतात की त्यांवर पोहोचण्यापूर्वीच विमान वळू लागते, जसा सायकलस्वार कोपरा येण्याआधीच हँडल कलवितो. काही बिंदू मात्र ओलांडूनच वळावयाचे असतात. डोंगर किंवा शेजारचा विमानतळ जवळ असेल तेथे हा भेद जिवाचा होतो, म्हणून नकाशावर त्यांच्या खुणाही वेगळ्या असतात.

पण आखलेली वाट म्हणजे सुटलेला प्रश्न नव्हे. विमाने वेळापत्रकाने निघतात आणि वाऱ्याने पोहोचतात. दोन विमाने एकाच बिंदूवर एकाच मिनिटाला येणार असे दिसले, तर नियंत्रकाला त्यांतील एकाला मागे ठेवावेच लागते. पहिला उपाय वेगाचा: दूर असतानाच त्याला सावकाश येण्यास सांगावे. दुसरा उपाय अंतराचा: वाटेला एक लांबट वळसा आधीच जोडून ठेवावा आणि गरजेप्रमाणे त्यातील एखाद्या बिंदूवरून विमानाला आत घ्यावे. फ्रान्समधील युरोपीय प्रयोगशाळेत या कल्पनेला आणखी रेखीव रूप मिळाले. एका मध्यबिंदूभोवती समान अंतरावर कमानीसारखी वाट आखावयाची; विमान त्या कमानीवर कोठेही असो, मध्यबिंदूचे अंतर तेवढेच राहते; नियंत्रकाने योग्य क्षणी ‘बिंदूकडे वळा’ एवढेच सांगावयाचे. नॉर्वेतील ऑस्लो शहराने २०११ मध्ये ही रीत प्रथम व्यवहारात आणली.

आणि तिसरा उपाय म्हणजे जुनाच: आखलेली वाट सोडवून तोंडी वळणे देणे. मृगाच्या आगेमागे जेव्हा काळ्या मेघांचे डोंगर मुंबईच्या पूर्वेला उभे राहतात, तेव्हा नकाशावरच्या नाजूक रेषा कोणालाच पाळता येत नाहीत. प्रत्येक वैमानिक डावीकडे वा उजवीकडे वळण्याची परवानगी मागतो, आणि नियंत्रक पुन्हा त्या जुन्या गवयासारखा आपल्या कानावर आणि जिभेवर येतो. ज्याने ही कला कधी वापरलीच नाही अशा नव्या नियंत्रकाचे त्या वेळी काय व्हावे? जगभरच्या प्रशिक्षण-संस्थांना हा प्रश्न भेडसावतो, म्हणून खोट्या विमानांच्या पडद्यावर त्यांना ती तालीम मुद्दाम दिली जाते. सोयीमुळे कसब गंजते, हा अनुभव काही आकाशापुरता नाही.

मुंबईला या नव्या पद्धतीची गरज सर्वांत अधिक होती. तेथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही उपयोग बहुधा एकीचाच. एवढ्या अपुऱ्या साधनावर २०१८ मध्ये त्या विमानतळाने एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा पार पाडली. म्हणजे गर्दीच्या वेळी सव्वा मिनिटाला एक विमान. ही सव्वा मिनिटाची शिस्त धावपट्टीवर निर्माण होत नाही. ती पन्नास-साठ मैल अलीकडे, घाटमाथ्यावर आणि समुद्रावर, त्या अदृश्य बिंदूंवर निर्माण होते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि एकाच शहराच्या आकाशात दोन मोठे विमानतळ आले. जुहू आणि सांताक्रूझ यांचा जुना प्रश्न नव्या मापात उभा राहिला. फरक एवढाच की, या वेळी वाटा एकमेकींना न छेदता, वरून-खालून आणि बाजूने, कागदावर आधी वेगळ्या करता येतात.

छत्तीसगडसारख्या प्रदेशात या पद्धतीचा लाभ वेगळ्या प्रकारचा आहे. रायपूरचा माना विमानतळ महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर वाढला; २०१२ मध्ये त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले, कारण बालपणीची दोन वर्षे नरेंद्रनाथांनी रायपुरात काढली होती. त्याच वर्षी तेथे नवी इमारत उघडली. परंतु जगदलपूर आणि बिलासपूर येथे उतारूंची नियमित विमाने आली ती २०२० आणि २०२१ मध्ये. अशा लहान विमानतळांवर उतरणीचा नेमका कल दाखविणारी जमिनीवरची महागडी यंत्रणा उभारणे आणि ती वर्षानुवर्षे निगुतीने राखणे परवडत नाही. उपग्रहाने तेच काम केले तर धावपट्टीशेजारी काहीच लागत नाही.

मात्र भारताच्या आकाशात एक नैसर्गिक अडचण आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि त्या पट्ट्यातील आयनांबर फार खळबळते. उपग्रहाचा संकेत त्यातून येताना रेंगाळतो आणि ठिकाण चुकते. यावर तोड म्हणून भारतीय अवकाश संशोधन संघटना आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ ही व्यवस्था उभारली. देशभर पंधरा ठाणी आहेत. त्यांत नागपूर आहे, गोवाही आहे. प्रत्येक ठाण्याला स्वतःची जागा इंचांपर्यंत ठाऊक असते. उपग्रह किती चुकवितो ते ते मोजते. ती दुरुस्ती बंगळुरूजवळच्या मुख्य केंद्रात जुळते आणि भारताच्या संचार-उपग्रहांवरून विमानांना परत मिळते. २०१५ मध्ये उंचीच्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी तिला मान्यता मिळाली, आणि २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे एटीआर विमान या व्यवस्थेच्या आधाराने उतरले.

उपग्रहाचा संकेत अवकाशातून येईपर्यंत अत्यंत क्षीण होतो, आणि जमिनीवरच्या एखाद्या लबाड यंत्राला तो बुजविता येतो किंवा त्याची खोटी नक्कल करता येते. गेल्या काही वर्षांत युद्धग्रस्त प्रदेशांवरून जाणाऱ्या विमानांना हा अनुभव वारंवार आला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या परिसरातही आला. यंत्र निर्धास्तपणे सांगते की आपण येथे आहो, आणि आपण तेथे नसतो. जुन्नरच्या त्या रात्रीची चूक माणसाच्या अंदाजाची होती. ही चूक अंदाजाला वावच ठेवीत नाही. यासाठी जमिनीवरची जुनी केंद्रे सरसकट मोडीत काढण्याचा विचार देशोदेशी आवरता घेण्यात आला आहे. एक किमान जाळे राखावयाचे, आणि रडारचा पडदा पाहणाऱ्या नियंत्रकाने यंत्राच्या म्हणण्याची पडताळणी करीत राहावयाचे, असा मध्यम मार्ग आता चालतो.

नागपूरचे नाव या इतिहासात पुन्हा एकदा आले आहे. भारताचे आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार विभागांत वाटलेले आहे. एकेकाळी नेमक्या याच चार शहरांची टपाल-विमाने सोनेगावला मध्यरात्री भेटत. या चारही विभागांच्या उंच आकाशाचे नियंत्रण नागपूर येथे एका छताखाली आणण्याची ‘ईशान’ नावाची योजना विमानतळ प्राधिकरणाने २०२४ मध्ये पुढे मांडली. ती प्रत्यक्षात आली, तर मुंबई-कोलकाता विमान शंकर नगरच्या वरून जाताना ज्या माणसाशी बोलेल, तो नागपुरात बसलेला असेल. विमानाला मात्र नागपुरावरून जाण्याची गरज उरलेली नाही.